मेलेल्यांना मेलेलंच राहू द्या!

मी आजवर जेवढी आंदोलनं केली त्यातलं एकच यशस्वी झालं, आणि त्यामुळे माझ्या बाबांना मेलेलंच राहावं लागलं.

(बाबा ठणठणीत आहेत. मी हे लिहितेय तेव्हा ते समोर बसून भाजलेल्या शेंगा खातायत आणि टरफलं माझ्या पत्रकांवर टाकतायत. तेवढा हक्क त्यांना आहे.)

बाकीच्या आंदोलनांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांचा निकालही थोडक्यातच लागला. भाईंदर पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या तोंडाशी एक खड्डा आहे. त्याच्याविरुद्ध मी पत्रक काढलं, 'नागरिकांनो, जागे व्हा!' खड्डा आजही आहे. पत्रक त्यातच पडलंय. पाण्यासाठी मोर्चा काढला, तर नेमकं त्याच दिवशी पाणी आलं आणि अख्खा मोर्चा बादल्या भरायला घरी पळाला. घोषणा द्यायला मी आणि वॉचमन असे दोघेच उरलो. तोही म्हणाला, "मॅडम, मेरा भी टंकी का वॉल्व खोलने का टाइम है."

ह्या सगळ्या अपयशाला जबाबदार कोण? माझ्या मते एकच, 'ओटीतलं चांदणं' नावाची सीरियल! ती लागली की आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी दार उघडत नाही. सह्या मागायला गेलं की आतून आवाज येतो, "ब्रेकमध्ये ये गं!" ब्रेकमध्ये गेलं तर त्या बाईला दूध गॅसवर ठेवायचं असतं. जनतेचा सगळा संताप त्या सीरियलमधल्या कपटी काकूवर खर्च होतो, खड्ड्यासाठी काही उरतच नाही.

मी ह्या सीरियलचा एकही भाग पाहिला नव्हता. तत्त्वाचा प्रश्न होता. पण म्हणून मत द्यायचं नाही असं थोडंच आहे? न पाहता बनवलेलं माझं मत पाहणाऱ्यांपेक्षा पक्कं होतं. 'सीरियल बघणं म्हणजे मेंदूवर झाकण ठेवणं' असं पत्रक मी लिफ्टमध्ये चिकटवलं होतं. त्याच्या शेजारी 'कावळा, मांजर, शिंक: अंधश्रद्धा सोडा' हे दुसरं. (ते लक्षात ठेवा. पुढे माझ्याच नाकावर आपटणार आहे.)

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली, ती तुम्हाला आत्ताच सांगून टाकते.

आमचे बाबा तरुणपणी रत्नागिरीकडच्या आमच्या गावातल्या नाटकांत काम करायचे. काम म्हणजे भालदाराचं. दरवर्षी भालदार! भाला धरून पडद्याच्या कडेला उभं राहायचं आणि राजाने हाक मारली की म्हणायचं, "आज्ञा महाराज." तेही एका वर्षी राजा हाक मारायलाच विसरला. त्यानंतर नोकरी, मुंबई, लग्न, मी. पण ते न म्हटलेलं "आज्ञा महाराज" बाबांच्या घशात तसंच अडकून राहिलं. रिटायर झाल्यावर पेणकरपाड्याचा विलास त्यांना भेटला. हा विलास शूटिंगला गर्दीची माणसं पुरवतो. घोडबंदरच्या बाजूला एका बंगल्यात 'ओटीतलं चांदणं'चं शूटिंग चालतं. तिथे लग्नाच्या पंगतीत बसायला विलासने बाबांना नेलं.

त्या दिवशी सेटवर मोठी पंचाईत झाली होती. कथेतल्या घराचे कर्ते दादासाहेब वारलेले दाखवायचे होते आणि भिंतीवर लावायला फोटोच नव्हता. तिथला एक जण पंगतीतून फिरत फिरत बाबांसमोर थांबला. त्याने बाबांना निरखून पाहिलं.

"काका, तुम्ही मेलेले फार छान दिसाल."

आयुष्यात बाबांच्या चेहऱ्याचं कोणी केलेलं हे पहिलं कौतुक! त्यांनी फेटा घातला, मिशी चिकटवली, फोटो काढला. चंदनाचा हार चढला. तेव्हापासून माझे वडील रोज संध्याकाळी महाराष्ट्राच्या घराघरांत भिंतीवर लटकत होते. सून शर्वरी त्यांच्यासमोर रडायची, काकू त्यांच्यासमोर कट करायची. फेट्या-मिशीमुळे बिल्डिंगमध्ये कोणी ओळखलं नाही. फक्त आईला माहीत होतं.

आईचे काय हाल झाले असतील विचार करा! आवडती सीरियल, आणि तिच्यात जिवंत नवऱ्याच्या फोटोला हार! फोटो दिसला की ती मंगळसूत्र मुठीत धरायची आणि दुसऱ्या हाताने शेजारी बसलेल्या बाबांना चिमटा काढायची.

"आई गं!" बाबा ओरडायचे.

"आहात ना? बस्स," आई म्हणायची आणि पुढे बघायची.

दोघांचं ठरलं होतं की मला सांगायचं नाही. आईचं म्हणणं, "हिला कळलं तर ही बापाविरुद्ध पत्रक काढेल." (काढलं असतं. मसुदाही सुचतोय.)

आणि मग बाबांचं नशीब उघडलं. सीरियलवाल्यांनी ठरवलं की दादासाहेब मेलेच नव्हते, ते परत येणार! फोटो बाबांचा, म्हणजे येणारही बाबाच. आणि त्यांना एक वाक्य होतं. भर लग्नात दारात उभं राहून म्हणायचं, "थांबा! हे घर अजून माझं आहे!"

एवढ्या वर्षांनी वाक्य! आणि तेही राजाचं, भालदाराचं नाही!

बाबांनी खरी मिशी वाढवायला घेतली. बाथरूममधून रोज गर्जना यायला लागल्या. "थांबा! हे घर अजून माझं आहे!" मी बाहेर दात घासत उभी. मला वाटलं, पुरुषी वर्चस्वाने म्हातारपणी उचल खाल्ली. बाबा बाहेर आल्यावर मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"बाबा, घर तुमच्या एकट्याचं नाहीये. आईचाही हक्क आहे."

"अगदी बरोबर, बायो," बाबा टॉवेलने मिशी टिपत म्हणाले. "पण मला सांग, जोर 'अजून'वर द्यायचा की 'माझं'वर?"

वर्चस्व गाजवायचं आणि वर सल्लाही मागायचा!

तेवढ्यात टीव्हीवर जाहिरात सुरू झाली. पाठमोरा माणूस, हातात काठी, कोल्हापुरी चपला, आणि आवाज, 'कोण परत येतंय?' दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये बायका मेथी निवडत बसल्या होत्या आणि चर्चा पेटली होती. मी सोसायटीच्या पाण्यासाठी सह्या घ्यायला आले होते, पण ऐकत उभी राहिले.

"दादासाहेबच असणार," आमच्या समोरच्या जिग्नाबेन म्हणाल्या. त्या आईमुळे मराठी सीरियल बघायला लागल्या आणि आता आईपेक्षा जास्त चिडतात. "ये क्या मजाक है? आदमी मर गया, तेरवा हो गया, सबने लाडू खा लिया, और अब वापस? मेरा ससरा वापस आया क्या?"

"नाही ना!" मागून दुसरी म्हणाली. "मग ह्यांचाच का येतो?"

मी थरारले. हा संताप! ही एकजूट! ज्या जनतेची मी खड्ड्याच्या काठावर वाट बघत उभी राहिले होते, ती इथे मेथी निवडत बसली होती. मी पाण्याचा कागद घडी करून पिशवीत टाकला आणि उलट्या बादलीवर चढले.

"बायांनो! किती दिवस ही फसवणूक सहन करणार? आज दादासाहेब, उद्या काकूचा पहिला नवरा! आपली एकच मागणी, मेलेल्यांना मेलेलंच राहू द्या!"

टाळ्या! मला, टाळ्या! जिग्नाबेनने मोबाइलवर सगळं शूट केलं. फक्त आई मेथीची जुडी हातात धरून पांढरीफटक पडली होती.

"बायो, खाली उतर. ह्यात पडू नकोस."

"का? तुला मेलेला माणूस परत यायला हवाय?"

"हवाय!" आई जुडी आपटून ओरडली. "मला हवाय!"

मी तिच्याकडे करुणेने पाहिलं आणि बायकांना म्हणाले, "बघा. ही सीरियल काय अवस्था करते माणसाची."

पुढचं सगळं भराभर झालं. माझ्या पाण्याच्या व्हिडिओला माझ्या सख्ख्या मावशीने अंगठा दिला नव्हता. हा व्हिडिओ मात्र मीरा रोडपासून मराठवाड्यापर्यंत फिरला. चॅनेलच्या पानावर लोकांनी तीच घोषणा लिहून लिहून उच्छाद मांडला. पत्रक मी खारीगावापर्यंत वाटलं. तिथली एक म्हातारी कोळीण म्हणाली, "मना लिवता येत न्हाय, पोरी, पन अंगठा घे." लोक स्वतःहून अंगठे देत होते! आणि एका संध्याकाळी चॅनेलने जाहीर केलं की प्रेक्षकांच्या भावनांचा आदर करून दादासाहेबांचं पुनरागमन रद्द करण्यात येत आहे.

आयुष्यातला पहिला विजय! मी स्टेशनजवळून पेढे घेतले आणि धावत घरी आले. बाबा नुकताच फोन ठेवून खुर्चीत बसले होते. मिशी छान वाढली होती. डोक्याला, का कुणास ठाऊक, फेटा होता.

"बाबा, तोंड उघडा!"

बाबांनी उघडलं. मी पेढा घातला.

"कशाचा गं?"

"जिंकलो! दादासाहेब मेलेलेच राहणार!"

बाबा पेढा चावायचे थांबले. तोंडात पेढा तसाच ठेवून त्यांनी आईकडे पाहिलं. मग हळूच फेटा काढून मांडीवर ठेवला.

"विलासचा फोन होता," ते आईला म्हणाले. "म्हणाला, काका, उद्या येऊ नका. भाईंदर का पब्लिक भडक गया है."

"पब्लिक नाही," आई म्हणाली. "आपली कार्टी."

मग आईने टीव्ही लावला. मी पहिल्यांदा 'ओटीतलं चांदणं' पाहिलं. शर्वरी रडत होती. कॅमेरा वर गेला, आणि चंदनाच्या हारातून माझे बाबा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत इतकी माया, इतकी क्षमा होती की मी उरलेले पेढे शेजारच्या स्टुलावर ठेवून खाली बसले.

"बाबा, सांगायचं तरी!"

"तुला सरप्राइज द्यायचं होतं, बायो," बाबा म्हणाले. "वाक्य म्हणून झाल्यावर." आणि तो पेढा त्यांनी शेवटी गिळला. गोड होता, असंही म्हणाले. त्यानेच मला जास्त लागलं.

इथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण चॅनेलने माझी मागणी फारच मनावर घेतली. दादासाहेब खरोखरच मेलेत हे प्रेक्षकांना पटावं म्हणून त्यांनी एक तासाचा विशेष भाग केला: दादासाहेबांचं वर्षश्राद्ध! आम्ही सगळे बघायला बसलो. जिग्नाबेनही आल्या, त्यांना आता सगळं कळलं होतं. त्या येताना बाबांसाठी ढोकळा घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "सॉरी हां, भाई. मेरेको मालूम होता तो मैं आपको मरने नहीं देती."

टीव्हीवर गच्चीत पिंड ठेवला. कावळा आला (कॉम्प्युटरवर बनवलेला, एक पंख दुसऱ्यापेक्षा लांब). कठड्यावर बसला. बसूनच राहिला. शर्वरीने हात जोडले, काकूने जोडले, शिवेना. जाहिराती लागल्या, संपल्या, कावळा तिथेच!

आम्ही सगळे टीव्हीकडे सरकलो. तेवढ्यात बाबा शांतपणे म्हणाले,

"शिवेल कसा? माझं वाक्य राहिलंय ना."

आई माझ्याकडे बघायला लागली. जिग्नाबेन माझ्याकडे बघायला लागल्या. मला तर वाटलं, कावळापण माझ्याकडेच बघतोय. शेवटी मी उठले, टीव्हीसमोर उभी राहिले, हात जोडले आणि म्हटलं, "बाबा, तुमच्या वाक्याचं मी बघते."

आणि कावळा झपकन खाली आला आणि शिवला!

जिग्नाबेनने टाळ्या वाजवल्या. आईने डोळे पुसले. (लिफ्टमधलं कावळ्याचं पत्रक मी दुसऱ्या दिवशी सकाळीच काढून आणलं.)

शब्द दिला होता. मी नवं पत्रक काढलं, 'दादासाहेबांना परत आणा!' बादलीवर चढले. बायका म्हणाल्या, "अगं, तूच तर म्हणालीस ना राहू द्या म्हणून?" आणि मेथी उचलून घरात गेल्या. व्हिडिओला एकच अंगठा मिळाला, जिग्नाबेनचा. चॅनेलने उत्तर दिलं नाही. पत्रकं वाऱ्याने उडाली आणि कुठे जाऊन पडली हे तुम्हाला माहीत आहे. तो खड्डा आता निम्मा माझ्या साहित्यानेच भरलाय.

बाबांनी मिशी मात्र काढलेली नाही. न जाणो, म्हणतात. बाथरूममधून अजून गर्जना येते आणि मी बाहेरून ओरडते, "'अजून'वर जोर द्या, बाबा!"

मी आता ती सीरियल रोज बघते, एक भाग चुकवत नाही. माझं मत बदललंय असं कोणी समजू नये. कथा भिकार आहे, शर्वरीला रडता येत नाही, काकूला कट करता येत नाही. अख्ख्या सीरियलमध्ये चांगलं काम एकटा तो फोटो करतो.