खांदा दुखेल तुझा

मंडळी, दुपारी क्लबातून आले आणि अजून गालातल्या गालात हसतेय.

नेदरलँड्समधल्या नायमेखनजवळच्या आमच्या नेमबाजी क्लबात वर्षभर क्लबच्याच रायफली वापरल्या, तेव्हा कुठे स्वतःची घ्यायचा परवाना मिळाला. मी जुनी थ्री-नॉट-थ्री निवडली. कॉलेजात असताना एनसीसीत हीच चालवली होती.

क्लबात दुसरा मराठी माणूस म्हणजे केदार. त्याने जुन्या लष्करी रायफलींची एक्सेल शीट करून स्वतःसाठी लांबलचक स्वीडिश घेतलीय. माझी निवड ऐकून म्हणाला, "अगं, ती हवालदाराची बंदूक. तुला झेपणार नाही, खांदा दुखेल तुझा." वर डच मंडळींना इंग्रजीत समजावूनही सांगितलं. सगळे हसले. मी ते विसरले नाही.

त्याच्या शीटमध्ये एक रकाना नव्हता. या रायफलीचे खांद्याला टेकवायचे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे बनायचे. मी तीन महिने शोधून आखूड दस्त्याची मिळवली. माझ्या मापाने शिवल्यासारखी खांद्याला बसते.

आज शंभर मीटरवर दोघांनी दहा-दहा गोळ्या झाडल्या. माझ्या दहाही काळ्या वर्तुळात, त्याच्या चार बाहेर.

हरणाऱ्याने कॉफी आणून द्यायची, ही क्लबची पद्धत. मी केदारकडून दोन कप मागवले, दोन्ही माझ्यासाठीच. दुसऱ्यात साखरही त्याच्याकडूनच ढवळून घेतली.

मग तो हळूच म्हणाला, "तुझ्या रायफलीने पाच गोळ्या मारून बघू?"

मी रायफल पेटीत ठेवून कुलूप लावलं. "नको रे, खांदा दुखेल तुझा."

आणि सगळ्यांना डचमध्ये समजावून सांगितलं.

नवरा म्हणतो, द्यायची होतीस. तुम्ही दिली असती?