यानाची मागची बाजू

शुश्रूषा केंद्राच्या नमुना क्रमांक चारमध्ये त्याचं वर्णन पुढीलप्रमाणे आहे. पुरुष, वय सदुसष्ट, बांधा मध्यम, डाव्या तर्जनीचं टोक नाही. व्यवसाय: निवृत्त. रुग्णाशी नातं: सख्खा धाकटा भाऊ. भेटीची वेळ: रोज चार ते सहा. रकाना अकरा: 'रुग्णास बोलता येत नसल्यास त्याची इच्छा अचूक जाणणारी व्यक्ती.' या रकान्यातही त्याचीच सही आहे आणि सहीवर केंद्राचा गोल शिक्का.

सही करताना 'अचूक' या शब्दापाशी त्याचं पेन अडलं होतं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "करा हो, सगळेच करतात."

अचूक या शब्दाच्या बाबतीत तो जरा हळवा होता. फाउंड्रीत त्याने छत्तीस वर्षं लाकडी पॅटर्न केले. जो भाग लोखंडात ओतायचा, तो आधी जसाच्या तसा लाकडात घडवायचा, असं ते काम. त्याचे पॅटर्न कधी परत आले नाहीत. सगळे त्याला मिलीमीटर म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि त्यालाही ते वावगं वाटायचं नाही.

घरी मात्र मिलीमीटर लाकडी अवकाशयानं घडवायचा. लहानपणी टीव्हीवर दर रविवारी परग्रहांची एक मालिका लागायची. त्यातली सहा चाकांची चांद्रगाडी, दोघांचं टेहळणी यान, पाण्याखाली उडणारी होडी (कशी उडते, हे मालिकेनेही कधी सांगितलं नाही), असं सगळं त्याने सागाच्या तुकड्यांतून पटाशीने कोरून काढलं होतं. खिळा एकही नाही. बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात अशी अकरा वाहनं उभी होती आणि बायकोचा चहाचा सेट त्यामुळे एकोणीस वर्षं माळ्यावर होता.

"पाहुण्यांना आता यानातूनच चहा देते," ती म्हणायची. "गळत नाही ना?"

बारावं वाहन म्हणजे मुख्य यान. ते राहिलं होतं आणि त्याला कारण दादा.

घरी टीव्ही नव्हता. समोरच्या घराच्या खिडकीबाहेर दोघं भाऊ उभे राहून मालिका बघायचे. हा बारा वर्षांचा, दादा सोळाचा. यान पडद्यावर नेहमी बाजूने दिसायचं, फार तर समोरून. मागून कधीच नाही. शेवटच्या भागात ते पहिल्यांदा वळलं आणि पाठ दाखवून काळोखात निघून गेलं. त्या रविवारी मिलीमीटर गोवराने अंथरुणात होता.

दादा धावत आला होता. "बारक्या, मागून दाखवलं!"

"कसं होतं?"

दादा सांगणार होता. पण धाकट्याचा चेहरा बघून त्याला सुचलं, की ही गोष्ट एका दिवसात संपवणं बरं नाही. "सांगेन," तो म्हणाला. ते 'सांगेन' पंचावन्न वर्षं टिकलं. लग्नात, बारशात, फोनवर, एकदा तर स्मशानातून परतताना मिलीमीटरने विचारलं आणि दादाने दर वेळी तेच ऐकवलं: "आधी शेपटीपर्यंत यान करून आण. मग सांगतो. फुकट काही मिळणार नाही." वाहिनीच्या कार्यालयाला पत्र लिहून झालं. उत्तर आलं, की त्या काळी फिती पुसून पुन्हा वापरत असत, तरी कळावे.

शेवटी त्याने यान करायला घेतलं. नाक, पोट, पंख, खिडक्यांच्या रांगा. शेपटीपाशी येऊन तो थांबला आणि त्याच महिन्यात दादाला झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली, पण सगळी नाही. एक शब्द राहिला.

"दादा, मागे तीन धुरांडी होती का रे?"

"हो," दादा म्हणाला. चटकन, स्पष्ट.

मिलीमीटरला भरून आलं. मग नोकरीतली सवय म्हणून त्याने माप उलटं तपासलं. "की चार?"

"हो."

"धुरांडी नव्हतीच?"

"हो."

डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं. त्यांना सगळं कळतं, पण बाहेर तेवढंच येतं. सगळं म्हणजे किती, हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं. दादा मात्र हो म्हणून झाल्यावर दर वेळी थोडा चिडायचा आणि डाव्या हाताने चादर चुरगाळायचा.

घरी बायको म्हणाली, "तीन करा. तीन बरी दिसतात."

"बरी दिसतात म्हणून करायची?"

"मग काय, दादा बोलेपर्यंत मी चहाचा सेट माळ्यावरच ठेवू?"

त्याने तीन केली. लेथवर काढलेल्या तीन लाकडी कड्या, शेपटीवर चिकटवलेल्या, आणि त्या चिकटवताना आपण खोटं बोलतोय असं त्याला वाटत राहिलं. पण यान दादाच्या खोलीत ठेवायचं होतं. केंद्राच्या नियमाप्रमाणे खासगी वस्तू फक्त पलंगासमोरच्या फळीवर. फळी कपाट आणि खांब यांच्यामध्ये बसवलेली, सत्तर सेंटीमीटरची. मिलीमीटरने टेपने दोनदा मोजली होती आणि शेपटी त्या हिशेबाने आखून यान नेमकं सत्तरचं केलं होतं.

ते फळीवर बसेना. नाक कपाटाला टेकलं तर शेपटी खांबावर चढायची.

खोलीतल्या मावशी झाडू टेकवून बघत होत्या. "मोठं झालंय, काका."

"मोठं होणार नाही."

"झालंय पण."

त्याने खिशातला टेप काढला. सत्तर सेंटीमीटर आणि सात मिलीमीटर. तो खुर्चीवर बसला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने कपाळाला हात लावला. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून फाउंड्रीतली पट्टी मुळातच शंभरात एक मोठी आखलेली असते. फळी त्याने टेपने मोजली होती. यान मात्र हाताला सवय असलेल्या त्या जुन्या पट्टीवर आखलं होतं. अकराच्या अकरा वाहनंही तशीच असणार. लाकूड कुठे असं आकसतं? छत्तीस वर्षं त्याने सगळं पुढे होणाऱ्या आकसण्याच्या हिशेबाने मोठं केलं होतं आणि निवृत्त झाल्यावर त्याला कोणी थांब म्हणालं नाही.

"मागून काढा थोडं," मावशी म्हणाल्या. "मागचं कोणाला दिसतंय?"

मिलीमीटरने दादाकडे पाहिलं. दादा यानाकडे बघत होता.

"दादा, मागून काढू?"

"हो."

"की राहू देऊ?"

"हो."

दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ते झटक्यानंतर असंच यायचं, कशालाही, भाताला आणि बातम्यांनासुद्धा.

दुसऱ्या दिवशी तो पटाशी रुमालात गुंडाळून घेऊन आला. कड्या नेमक्या सात मिलीमीटर जाडीच्या होत्या. त्याने एकेक कडी उचकटली. सरसाचा चरचर आवाज आला. मागे सपाट, कोरं लाकूड उरलं आणि त्यावर तीन गोल डाग. त्याने यान फळीवर ठेवलं. नाक कपाटाला, शेपटी खांबाला, मध्ये कागदही जाणार नाही.

"बसलं बघ," तो म्हणाला.

दादाने डावा हात उचलला. मनगट सावकाश फिरवलं. पुन्हा फिरवलं.

मिलीमीटर उठून उभा राहिला. "वळवू?"

"हो."

दादा हे नेहमीच म्हणायचा, पण हात नेहमी फिरवत नव्हता. मिलीमीटरने यान काढलं, दोन्ही हातांवर घेतलं आणि शेपटी दादाकडे करून पलंगाशी धरलं. लाकूड जड होतं. तरी त्याने ते खाली ठेवलं नाही. दादा त्या कोऱ्या लाकडाकडे, त्या तीन डागांकडे बघत राहिला आणि हात फिरवत राहिला.

"असं होतं का रे?" मिलीमीटरने विचारलं. "मागे काहीच नव्हतं? दादा, एवढं एकच सांग. पुन्हा नाही विचारणार."

"हो," दादा म्हणाला. या वेळी चिडला नाही.

मिलीमीटर तसाच उभा होता. हे उत्तर उलटं तपासणारा प्रश्न त्याच्या ओठांवर आला होता. त्याने तपासलं नाही.

मावशी बादली घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो काका, ते काय धरून बसलाय? पाणी मागतायत ते. असा हात फिरवला की पाणी. सकाळपासून चाललंय."

मिलीमीटरने यान पायाशी चादरीवर ठेवलं आणि पेला भरला.

दादा दोन पेले पाणी प्यायला.