राखीव खेळाडू

माझा मुलगा कॉलेजच्या बास्केटबॉल संघात निवडला गेला, ती बातमी त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दिली. दाराची चौकट त्याला आता कमी पडते, मान जरा वाकवूनच तो आत येतो. सहा फूट एक इंच. आमच्या दोन्ही घराण्यांत एवढी उंची कुणाला नव्हती. ही कुठून आली याचा हिशेब मला लागलेला नाही, आणि हिशेब हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत मी नोकरीला आहे.

"घेतलं मला," तो म्हणाला. "राखीवमध्ये."

बायको तव्यावर घावन घालत होती. ती वळली, पण त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं तिने.

"कशात घेतलं?" मी विचारलं.

"राखीवमध्ये हो. अलोऱ्याचा एक आहे, तो डायरेक्ट पाचात गेला. मला सर म्हणाले, तू राखीव." एवढं बोलून त्याने ताटलीतला घावन उचलला आणि तो अंघोळीला गेला.

"खेळातपण कोटा असतो?" बायकोने हळू आवाजात विचारलं.

"नसतो," मी म्हणालो.

आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारला, वडील शिक्षक झाले, मी कार्यालयात लागलो. राखीव हा शब्द मी जन्मभर ऐकत आलोय. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याने चहा पाजला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "तुम्ही राखीवमधले ना? मग लवकर वर जाल." माझे गुण खुल्या यादीतही बसले असते. हे मी त्याला सांगितलं नाही, पुढेही कुणाला सांगितलं नाही. सांगायला लागलं की आपण जागेला लायक आहोत याचा पुरावा द्यायला बसलो असं होतं, आणि तो पुरावा संपत नाही.

म्हणून मुलाच्या तोंडून तो शब्द ऐकला तेव्हा मला वाटलं, हा उडी मारून चेंडू जाळीत टाकतो तेसुद्धा यांनी त्या रकान्यात नेऊन बसवलं. बाकीच्या नव्या मुलांचं काय झालं, हा साधा प्रश्न मी विचारला नाही. कार्यालयात मी एवढ्या अपुऱ्या माहितीवर सही करत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कॉलेजात गेलो. मुलाला सांगितलं नव्हतं. जिमखान्याचे सर खोलीत चेंडूत हवा भरत बसले होते. दोन मोठी मुलं फळीवर चेंडू लावत होती, त्यातला एक संघाचा कप्तान, हे मला मागाहून कळलं.

"सर, माझ्या मुलाला तुम्ही राखीवमध्ये घेतलंत म्हणे."

"हो हो. चांगला आहे पोरगा. उंची आहे, हात हलका आहे."

"मग तो उंचीवर आला की राखीववर?"

सर माझ्याकडे बघत राहिले. मी प्रश्न पुन्हा विचारला, त्याच शब्दांत. पंप थांबला. मला काय म्हणायचंय ते त्यांना कळत गेलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"अहो साहेब, बसा जरा. संघ बारा जणांचा. पाच आत, सात बाहेर. बाहेरचे ते राखीव. चौघं नवे घेतले, त्यातले तिघं राखीव. मी मूळचा कबड्डीवाला, आमच्यात हाच शब्द. दुसरं काही माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही हो."

त्यांच्यावर माझा विश्वास बसला. त्यांच्या डोक्यात ते आलं नाही हे खरंच होतं. कधी यावं लागलं नव्हतं. मी क्षमा मागितली, त्यांनीही मागितली, आणि फळीजवळची दोन्ही मुलं चेंडू हातात धरून उभी होती.

प्रकरण तिथे मिटलं असतं. पण सर भला माणूस. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की आजपासून राखीव म्हणायचं नाही, बदली खेळाडू म्हणायचं. का, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, मी सांगतो म्हणून. मग मुलांनी फळीजवळच्या त्या दोघांना विचारलं, आणि त्यांनी ऐकलेलं सगळं सांगितलं.

याच्या आधीचं एक सांगायला हवं. निवडीच्या आधीच्या रविवारी जुनी मुलं नव्यांना आरे-वारेच्या किनाऱ्यावर घेऊन जातात, भुसभुशीत वाळूत पळवतात, आणि परतताना एकेकाला नाव ठेवतात. ही त्यांची रीत. अलोऱ्याचा मुलगा कोयना वीजप्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेला, म्हणून त्याचं नाव 'कोयना'. हर्णैचा एक आहे, तिथे बंदरावर मासळीचा लिलाव ओरडून चालतो; हाही मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा बोलतो, म्हणून तो 'लिलाव'. आणि माझा 'झेला'. आंबे उतरवायची लांब काठी, टोकाला जाळी बांधलेली. त्या रात्री घरी येऊन त्याने हे आईला सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

मी कॉलेजात जाऊन आल्यावर आठवडा गेला. मग एकदा जेवताना मीच विचारलं, "काय रे झेल्या, सराव कसा चाललाय?"

"ते आता नाव घेऊन हाक मारतात," तो ताटात बघत म्हणाला.

"नाव म्हणजे?"

"माझं नाव. कागदावरचं."

"मग त्यात वाईट काय?"

"बाबा, तुम्ही गेला होतात ना सरांकडे?"

मी हो म्हटलं. त्याने भाताचा घास केला आणि तसाच ठेवला.

"आता मला कोणी धक्का देत नाही. बास्केटखाली गेलो की बाजूला होतात. वाट देतात. कोयनाला ढकलतात, लिलावला तर पाडतात रोज. माझ्या अंगाला कोणी लागत नाही."

"घाबरतात?"

"घाबरत नाहीत. जपतात."

माझे आजोबा गावात समोरून कुणी आलं की वाट सोडून खाली मळ्यात उतरून उभे राहायचे. वडिलांनी मला ते सांगितलेलं आहे. आणि इथे माझ्या मुलाला सगळे वाट देत होते आणि त्याला खेळता येत नव्हतं.

"मी सोडतो," तो म्हणाला. "उगाच कशाला. बारावा कोणीतरी मिळेल त्यांना."

मी म्हणालो, मी पुन्हा सरांशी बोलतो. बायकोने मला तिथेच अडवलं. "तुम्ही आता तिथे पाय ठेवू नका. एकदा गेलात तेवढं पुरे." मग त्याला म्हणाली, "आणि तू सोडणार असलास तर सोड. पण बाबांमुळे सोडलं असं पुढे सांगायचं नाही. तुझं तू सोडलंस."

ते त्याला झोंबलं असावं. दुसऱ्या दिवशी तो सरावाला गेला.

मीही गेलो, आत नाही. कार्यालयातून येताना रस्त्यावर स्कूटर लावली आणि चिऱ्याच्या कुंपणावरून पाहिलं. तो चेंडू आपटत बास्केटकडे निघाला तशी समोरची दोन मुलं हात खाली घेऊन सरकली. चेंडू जाळीत गेला. "छान," कुणीतरी म्हणालं, पाहुण्याला म्हणतात तसं. पुन्हा तसंच झालं. त्या गुणांना काही अर्थ नव्हता हे मलाही कळत होतं, आणि मला या खेळातलं काही कळत नाही. मी निघून आलो.

त्यानंतर काही दिवसांनी तो संध्याकाळी घरी आला तो ओठ सुजवून. शर्टावर रक्ताचा डाग. बायकोने फ्रीजमधून बर्फ काढला, फडक्यात बांधला.

"कोणी मारलं?" मी विचारलं.

"कप्तानाने. पण आधी मी गेलो त्याच्या अंगावर. बाजूला व्हायला लागला, तर मी पण तिकडेच गेलो. पाडलाच त्याला. सरांनी शिट्टीपण वाजवली नाही."

"मग?"

"मग काय, पुढच्या चेंडूला त्याने कोपर घातलं."

"मुद्दाम?"

"मुद्दामच."

"काही बोलला?"

"बोलला ना."

बायकोचा हात थांबला. मी खुर्चीवरून पुढे सरकलो. एवढ्या वर्षांत काय काय ऐकलंय ते सगळं त्या क्षणी माझ्या कानात तयार उभं होतं.

"म्हणाला, ऊठ मेल्या झेल्या, नाटकं करू नको." आणि तो हसायला गेला, पण ओठ दुखला.

बायकोने बर्फ पुन्हा टेकवला. मी मात्र त्या रात्री, आणि नंतरही, त्या कोपराचा विचार करत राहिलो. ते नुसत्या खेळातलं होतं, पडल्याच्या रागाचं होतं, की बाप तक्रार घेऊन आला होता त्याचं? दोन-तीनदा मुलाला आडून विचारलं. शेवटी तो वैतागला. "बाबा, कोपर कोपराचं होतं." मी पुढे विचारलं नाही. माझ्या लेखी ती नोंद अजून उघडीच आहे.

यंदाचा पहिला सामना घरच्याच मैदानावर झाला. मी बायकोला घेऊन मागच्या पायरीवर बसलो. पाच आत, सात बाकावर. आमचा बाकावर, कोयनाच्या रिकाम्या बाटलीशेजारी. दुसऱ्या सत्रात आपला एक मुलगा लंगडायला लागला तसे सर बाकाकडे वळून ओरडले, "ए राखीव, कोण तयार आहे?"

ओरडले आणि थबकले. मान फिरवून त्यांनी प्रेक्षकांत शोधलं, आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. बायकोने माझा हात धरला. मी उठेन असं तिला वाटलं असावं. मी काय करावं हे मला ठरवता येत नव्हतं. मान डोलावली असती तर कशाला होकार दिला, हेही मला सांगता आलं नसतं.

तोवर मुलगा बाकावरून उठून वरचा टी-शर्ट काढत होता. त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.