नानांनी उपरणं डोक्यावर घेतलं तेव्हा

लोटन नानांनी खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं, ते मी पाहिलं होतं. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. बायकोला सांगितलेलं नाही, नानांना तर नाहीच. सगळ्यांना सांगत आलो ते वेगळंच. नेटवर्क अडकत होतं म्हणून मी त्यातच गुंतलो होतो, समोर ऊन होतं, मला काही दिसलं नाही. लोकांनी ते मानलंही. पण नानांबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, नाहीतर पुढचं एकही वाक्य खरं होत नाही.

नानांची नोकरीची सगळी वर्षं एरंडोलच्या बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात गेली. धुळ्याची गाडी फलाटाला लागली हे ते असं सांगत की झोपलेला माणूसही पिशवी उचलून उभा राहायचा. यात्रांचा मोसम आला की हाच आवाज कुस्त्यांच्या दंगलीत यायचा. पारोळ्यापासून शिंदखेड्यापर्यंत कुठेही आखाडा तयार झाला की आयोजक आधी नानांची तारीख घ्यायचे, मग पैलवानांना निरोप द्यायचे. माणूस दिसायला किरकोळ. पांढरा सदरा-पायजमा, खांद्यावर उपरणं, आणि माईक हातात घेण्याआधी आखाड्याभोवती एक फेरी.

त्या फेरीत ते प्रत्येक पैलवानाला एकच विचारत, "घर कोन शे?" वजन नाही, वस्ताद नाही, मागच्या कुस्त्या नाहीत. घरी कोण आहे, आणि घरचं कोण सोबत आलंय. एकदा मी हसून म्हणालो, नाना, सोयरीक जमवताय का? ते म्हणाले, जमवतोही, पण ते पोरगं जिंकलं तर. मग माईकवर ती माहिती कामाला यायची. कोणाचा मामा लिंबाखाली बसलाय हे त्यांना ठाऊक असायचं. "मामा, लढतोय भाचा, घाम तुम्हाला का फुटलाय? बसा खाली, मागच्यांना दिसू द्या." आखाडा हसायचा आणि मामा खाली बसायचा.

मी पिंप्राळ्यात स्टुडिओ चालवायचो. लग्नाचे व्हिडिओ, बारशाचे अल्बम. पुढे घराघरात कॅमेरा पोहोचला, म्हणजे फोन, आणि माझ्याकडे यायचं कारण लोकांना उरलं नाही. तेवढ्यात पुण्याच्या एका कंपनीने ॲप काढलं. गावोगावच्या कुस्त्या, कबड्डी, टेनिस बॉलचे सामने, सगळं थेट फोनवर. जे खेळ टीव्हीवाल्यांनी कधी विचारले नव्हते, ते आता दुबईत बसलेला खानदेशी माणूस जेवताना बघू लागला. आमच्या भागातलं काम मला मिळालं. अडचण एकच होती. नानांच्या आवाजाशिवाय दंगल म्हणजे मुकी बाहुली, आणि नाना कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार नव्हते.

मी त्यांच्या घरी गेलो. हजारोंच्या गर्दीला खाली बसवणारा हा माणूस माझ्या फोनकडे असा बघत होता, जसा कोणी अंधाऱ्या विहिरीत वाकून बघतो. कोण बघणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सगळे.

"तठला माणूस माले दिसत नही," फोनकडे बोट दाखवत ते म्हणाले. "त्यानं तोंड कसं व्हयनं, तो घाबरना का हासना, माले काय समजी? माले भेव लागस, विजू."

मी समजूत घातली. म्हणालो, तुम्ही नेहमीसारखंच बोला. ते म्हणाले, तेच तर. मग त्यांनी मला त्यांचा एक रिवाज सांगितला. इतकी वर्षं दंगली पाहूनही मला तो ठाऊक नव्हता.

आखाड्यात कोणी वाईट पडलं, तर नाना थांबत नसत. पंच त्याच्याभोवती चादर धरत, आणि नाना आणखी जोरात, आणखी हसत पुढची जोड पुकारत. डफवाल्याला थांबू देत नसत. डफ थांबला की गर्दी उठते, गर्दी उठली की आत घुसते, आणि मानेला लागलेल्या पोराला उचलायलाही जागा राहत नाही. तेवढ्या वेळात त्यांचा माणूस मोटारसायकलवर त्या पोराच्या घराकडे निघालेला असायचा. त्यासाठी ती फेरी, त्यासाठी घरी कोण आहे हा प्रश्न. त्या माणसाला सक्त ताकीद असायची, "पहिलं पानी पी, मंग सांग." मयताची बातमी घेऊन आलेला माणूस त्या घरात पाणी घेत नाही. हा आला, बसला, पाणी मागितलं, एवढ्यानेच माऊलीला कळतं की पोरगं जिवंत आहे. मग बाकीचं ऐकायला ती उभी राहू शकते.

"दंगलनी बातमी पायी घर जावाले जोयजे," ते म्हणाले. "तुना फोन तं उडीसन जाई."

अट त्यांनीच घातली. त्यांनी उपरणं डोक्यावर घेतलं की मी कॅमेरा जवळच्या झाडाकडे वळवायचा, पंचांची चादर निघेपर्यंत. मी त्यांच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

पहिला मोसम सरळ गेला. एकदा कासोद्याच्या एका पोराचा खांदा निखळला. उपरणं डोक्यावर गेलं आणि मी कॅमेरा झाडाकडे नेला. बघणाऱ्यांनी खाली शिव्या लिहिल्या, त्यांचा आकडा निम्म्यावर आला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मुलाचा फोन आला. अतिशय नम्र मुलगा. दादा, नेमकी अशा वेळी माणसं थांबतात, आपणच त्यांना झाडं दाखवली तर कसं, असं म्हणाला. पुढे सहज विचारलं, धुळ्यातही एक जण काम मागतोय, त्याच्याकडे दोन कॅमेरे आहेत, ओळखता का? त्या दिवसापासून मी कुस्ती कमी आणि पडद्यावरचा आकडा जास्त बघू लागलो. त्याने मला काही करायला सांगितलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो. जे केलं ते मी केलं.

ती दंगल एरंडोलजवळच्या एका गावाबाहेर होती. दुपार कलली होती. शिंदखेड्याकडचा भूषण नावाचा पैलवान होता, लांब हातांचा, लाजरा. फेरीत नानांनी विचारलं तेव्हा म्हणाला, घरी माय एकटीच आहे, पण आज ती फोनवर बघणार आहे. मग माझ्याकडे बघून त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याला नुसता हात लावला. मी मान हलवली.

समोरच्याने भूषणला उचललं आणि तो डोक्यावर आपटला. आवाज मला कॅमेऱ्यापाशी ऐकू आला. हात दोन्हीकडे पडले, डोळे उघडे, आणि तो हलेना. पंच चादर शोधायला धावले. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी उपरणं डोक्यावर घेतलं होतं आणि एका हाताने ते घट्ट धरून माझ्याकडेच बघत होते. माईकवर आवाज मात्र तोच, उसळता. "या या या, पुढची जोड, अमळनेरची वाघाची पिल्लं, हसत या, लाजू नका, इथे काय नवरी बघायला आलात?" डफ वाजत होता. गर्दी हसली, बसून राहिली.

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा चढत होता. इतका वर तो कधी गेला नव्हता. मी कॅमेरा वळवला नाही. चित्र जवळ घेतलं. भूषणचा चेहरा पडदाभर झाला आणि त्यावर नानांचा हसरा आवाज चालू राहिला.

त्याच्या आईच्या गावात नेटवर्क कच्चं. चित्र तिथेच अडकलं. पुढे काय झालं ते तिला दिसलं नाही, मागे जाता येईना. उघड्या डोळ्यांचा पोरगा आणि तुटक तुटक येणारं ते हसू. दिवेलागणीला नानांचा माणूस पोहोचला तेव्हा ती ओट्यावर फोन धरून बसलेली होती. बाया भोवती जमल्या होत्या. त्याने पाणी मागितलं, पण कोणी उठलं नाही. ती त्याला एवढंच म्हणाली, "मना पोऱ्या पडेल शे, आनि हाऊ माणूस हासी राह्यना." पोरगं जिवंत आहे, हे त्या माणसाने पुन्हा पुन्हा सांगितलं. तिला ते पटायला रात्र गेली.

भूषण वाचला. मान अजून पूर्ण वळत नाही, आखाडा सुटला. पण तेवढा तुकडा कोणीतरी कापून फिरवला. खाली लिहिलं, पोरगं मरतंय आणि निवेदक हसतोय. तो रिवाज आखाड्यातल्या माणसांसाठी होता. त्यांना चादर दिसत होती. फोनमधल्यांना फक्त आवाज पोहोचला, आणि तो माझ्यामुळे भूषणच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. आयोजकांनी मला विचारलं तेव्हा मी नेटवर्कचं आणि उन्हाचं सांगितलं. नाना तिथेच बसले होते; सांगताना वाटत होतं, ते आत्ता उठतील आणि उपरण्याचं बोलतील. ते बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात नाना भूषणच्या घरी गेले. दारातच त्याच्या आईने, विमलअक्कांनी, सांगितलं, "तुम्हनं हसू मी आयकं." त्या घरात नानांना कोणी पाणी विचारलं नाही. हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. नानांनी तिथेही माझं नाव घेतलं नव्हतं. त्यानंतर त्यांना माईक मिळाला नाही. आता दंगलीचं निवेदन पुण्यातल्या खोलीत बसून एक तरुण हिंदीत करतो. तो चांगला बोलतो. घरी कोण आहे हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही.

नाना आजारी पडले तेव्हा मी गेलो. जायला मला फार उशीर झाला होता. त्यांनी खाटेवरूनच बायकोला पाणी आणायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"उन तुना डोयामा व्हतं ना, विजू?"

मी हो म्हणालो.

"मी बी बठ्ठासले तेच सांगं," ते म्हणाले. सगळ्यांना त्यांनीही उन्हाचंच कारण दिलं होतं. मग तांब्याकडे बोट करून म्हणाले, "पानी पी."

मी पाणी प्यालो. ते वाट बघत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पेला खाली ठेवला, तब्येतीची चौकशी केली, बसची वेळ झाली म्हणून उठलो. थोड्याच दिवसांत नाना गेले.

तो तुकडा मेलेला नाही. यात्रा जवळ आल्या की फोन तो आपणहून वर काढतो. मागच्या महिन्यात पिंप्राळ्यात सलूनमध्ये बसलो होतो. शेजारच्या माणसाच्या फोनवरून एकाएकी आवाज आला, या या या, पुढची जोड. मी मान वळवून त्या फोनकडे पाहिलं. न्हावी म्हणाला, काका, हलू नका, वस्तरा आहे. तो आवाज कुठून कधी येईल या धास्तीत मी बस, हॉटेल, लग्नाचा मांडव, सगळीकडे वावरतो. नानांना न दिसणाऱ्या माणसांची भीती वाटायची. मला त्या सगळ्यांत एकाच बाईची वाटते, आणि तिचं घर मला माहीत आहे. शिंदखेड्याला उतरायचं, तिथून रिक्षा मिळते. दोनदा स्टँडपर्यंत जाऊन परत आलो.

नानांचं देणं अजून बाकी आहे. विमलअक्कांच्या ओट्यावर जाऊन, पाणी न मागता, मला सांगायचं आहे की त्यांनी खूण केली होती आणि मी ती पाहिली होती.