धाकट्याचं बिऱ्हाड

"अक्का, मला माझं घर पाहिजे," असं माझा धाकटा भाऊ बत्तिसाव्या वर्षी म्हणाला, तेव्हा मी कॉलेजच्या उत्तरपत्रिका तपासत होते. मान वर न करताच म्हणाले, "मला पण पाहिजे बाबा. कुठं स्वस्तात दिसलं तर सांग." तो हसला नाही. थट्टा त्याला कळते, पण कामाचं बोलत असताना तो ती कानावर घेत नाही.

धाकट्याला सगळं सावकाश समजतं. जन्मापासूनच. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं, ते आम्ही फाइलीतच राहू दिलं. दहाच्या पुढचे आकडे त्याच्या हाताला लागत नाहीत आणि घड्याळाशी त्याचं वाकडं आहे. पण हाताला एकदा बसलेलं काम तो विसरत नाही. तारिहाळच्या एका कारखान्यात तो सकाळच्या पाळीला नटबोल्ट खोक्यांत भरतो, आणि त्याच्या खोक्यात कधी चुकीचा बोल्ट सापडत नाही म्हणे. त्या कारखान्यातल्या एका मित्राच्या घरभरणीला तो जाऊन आला, पोटभर बुंदी खाऊन आला, आणि तेव्हापासून एकच धोशा सुरू झाला. सगळ्यांना घर आहे, मला कुठं आहे?

"मळमड्डीचं घर मग कुणाचं रे?" मी विचारलं.

"ते आईचं."

खोटं नव्हतं. धारवाडच्या त्या घरात आई अजून त्याच्या आंघोळीच्या पाण्यात बोट घालून बघायची, भात कालवून ताट पुढं ठेवायची, आणि अप्पा सत्तरी उलटल्यावरही त्याला रोज बसस्टॉपपर्यंत पोचवायला जायचे. हा विषय निघाला की आईचा प्रश्न ठरलेला. "अडलं तर काय करेल गं तो? कुणाला सांगता तरी येईल का त्याला?" इथंच घोडं पेंड खात होतं. मला मात्र नेमकी उलटी भीती वाटायची. आज आई आहे म्हणून त्याचं अडत नाही. उद्या ती नसेल तेव्हा हा पन्नाशीचा होऊन एखाद्या ताटासमोर वाट बघत बसेल, हा विचार माझी पाठ सोडायचा नाही. आईला हे तोंडावर सांगायची हिंमत मात्र माझ्यात नव्हती, म्हणून मी नुसती भांडायचे.

भांडून भांडून एक तह झाला. हुबळीत, विद्यानगरमध्ये, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर एका कानडी आजींच्या घरामागं एक खोली आणि स्वयंपाकघर रिकामं होतं. पावसाळा संपेपर्यंत धाकट्यानं तिथं राहायचं. त्यानंतर आई येऊन त्याच्या हातचं जेवणार. "आणि मला पटलं नाही," आई म्हणाली, "तर आलेल्या रिक्षातूनच त्याला परत घेऊन जाणार. मग पुन्हा हे नाव काढायचं नाही. तू पण नाही आणि त्यानं पण नाही."

शिकवणं हा माझा धंदा आहे, त्यामुळं मला मोठी घमेंड होती. ती पहिल्याच आठवड्यात उतरली.

पहिल्या दिवशी मी त्याला कुकर शिकवला. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. सोपं. दुसऱ्या दिवशी भात कच्चा. तिसऱ्या दिवशीही कच्चा. मी आवाज चढवला, तर तो शपथेवर सांगू लागला की तीन झाल्या, मी नीट ऐकल्या. मग मी स्वतः उभी राहिले तेव्हा उलगडा झाला. आजींच्या स्वयंपाकघराची खिडकी याच्या खिडकीसमोर होती आणि त्यांचाही कुकर त्याच वेळी चढायचा. हा प्रामाणिकपणे दोन्हीकडच्या शिट्ट्या मोजत होता. मी हसून हसून ओट्याला टेकले. मग आम्ही तीन वाट्या कुकरशेजारी पालथ्या मांडल्या. आपला कुकर वाजताना डोळ्यांनी दिसला की एक वाटी उलटायची. सगळ्या वाट्या सुलट्या झाल्या की गॅस बंद. पुढं आजींचा कुकर वाजला की तो खिडकीकडं बघून ठासून सांगायचा, "ही आपली नाही."

पाण्याचं प्रकरण तर याहून भारी. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ते चार-सहा दिवसांनी येतं, आणि कधी येईल ते त्यालाच माहीत. गल्लीत कुणीतरी "नीर बंतु!", पाणी आलं, असं ओरडलं की माणसं हातातलं काम टाकून नळाकडं धावतात. मी धाकट्याला सांगितलं, "पाणी आलं की सगळं भरून ठेवायचं." संध्याकाळी कॉलेजातून त्याच्याकडं गेले, तर सगळं भरलेलं होतं. पिंप, बादल्या, कळशी तर होतीच, शिवाय पेले, वाट्या, चहाचं गाळणं सोडून सगळी भांडी, आणि मी विसरलेला माझा जेवणाचा डबा. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि हा कॉटवर मांडी घालून तळ्याच्या मालकासारखा बसला होता. "झालं सगळं," तो म्हणाला. मला ओरडायचं होतं, पण त्याचा चेहरा बघून मी तिथलाच एक पेला उचलून पाणी प्याले.

पुढं काय झालं, तर आरोळी द्यायचं काम त्यानं स्वतःकडंच घेतलं. आवाज खणखणीत आहे. "नीर बंतु" अशी त्याची आरोळी उठली की दुपारी झोपलेली अख्खी गल्ली खडबडून उठायची. आजी म्हणायच्या, हा आल्यापासून आमच्या घरचा एक पण पाण्याचा दिवस चुकला नाही.

राहता राहिला माझा स्वभाव. तो कांदा चिरायला घ्यायचा. एक काप, थांबायचं, बघायचं, मग दुसरा काप. माझे हात शिवशिवायचे. "आण इकडं," म्हणून मी सुरी ओढून घ्यायचे आणि कांदा चिरून मोकळी व्हायचे. असं बरेच दिवस चाललं. एकदा मी अशीच सुरी घेतली, तर त्यानं शांतपणे ती माझ्या हातातून परत घेतली, उंबऱ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "अक्का, तू तिथं बस. हात खाली ठेवून." जित्याची खोड, ती एका दिवसात कशी जाणार! म्हणून मी खरोखरच उंबऱ्यावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसू लागले. कांदा चिरून व्हायला गाडी बेळगावला पोचेल इतका वेळ लागायचा, पण चिरून व्हायचा. आणि खरं सांगते, त्या उंबऱ्यावर बसून त्याच्याशी ज्या गप्पा झाल्या, तशा मी त्याच्याशी आयुष्यात मारल्या नव्हत्या. कारखान्यात कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या डब्यात शेंगाचटणी सगळ्यात चांगली असते, सगळं मला तिथंच कळलं.

पावसाळा संपला. एका रविवारी दुपारी आई-अप्पा आले. आईच्या हातात मोठी रिकामी पिशवी होती, त्याचे कपडे भरायला. रिक्षावाल्याला तिनं थांबवूनच ठेवलं होतं. "जेवण होईपर्यंत थांब बाबा, परत जायचंय," असं ती त्याला सांगत होती, आणि मला कळेना की किती माणसं परत जायची आहेत.

धाकट्यानं अप्पांना खुर्ची दिली, आईला कॉट दिली आणि मला उंबरा. वांग्याची भाजी झालेली होती. भात झालेला होता. कडक भाकरी दुकानातल्या होत्या, कारण त्या घरी करायला मलाही येत नाहीत, मग त्याला कोण शिकवणार? वरणाचा कुकर तेवढा गॅसवर होता आणि तीन वाट्या पालथ्या मांडलेल्या होत्या. आईनं वाट्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. पहिली शिट्टी झाली. धाकट्यानं वाटी उलटली. आणि मग कुकर गप्प झाला.

गॅस संपला होता. तो सिलिंडर मीच माझ्याकडचा अर्धामुर्धा वापरलेला दिला होता, आणि गॅस संपला तर काय करायचं, हे शिकवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई अर्धी उठली. अप्पांनी तिच्या हातावर हात ठेवला. "बस गं. बघू या की."

धाकट्यानं वाकून शेगडीखाली बघितलं. बटण फिरवून बघितलं, पुन्हा फिरवलं. मग त्यानं ते बंद केलं. सिलिंडरचंही बंद केलं. फडक्यानं कुकर धरून उचलला आणि आमच्यापैकी कुणाकडंही न बघता मागच्या दारानं बाहेर गेला. समोरच्या खिडकीतून त्याचा आवाज आला, आरोळीचाच, पण जरा बेतानं. "अज्जी, ग्यास मुगीतु. ब्याळी कुदिस्कोडरी." गॅस संपला, डाळ शिजवून द्या. आणि आजींचं "बा तम्मा, बा," ये बाळा, ये, असंही ऐकू आलं.

आई खिडकीकडं बघत राहिली. तिच्या इतक्या दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर पलीकडं अजून दोन शिट्ट्या देत होतं. मला टाळ्या पिटायच्या होत्या. मी हात मांडीखाली आणखी दाबले.

तो कुकर घेऊन परत आला. वर आजींनी दिलेलं लिंबाचं लोणचं होतं. आम्ही जेवलो. भाजीत मीठ थोडं कमी होतं, ते त्यानंच पहिल्यांदा सांगितलं आणि मिठाची वाटी मध्ये ठेवली. अप्पांनी दोनदा भात मागून घेतला. आईनं ताटात काही टाकलं नाही.

हात धुवून ती उठली तेव्हा धाकटा म्हणाला, "थांब." फळीवरनं त्यानं एक नवी कोरी हळदकुंकवाची डबी काढली, झाकण उघडलं आणि आईपुढं धरली. घरी आलेल्या सवाष्णीला हळदकुंकू लावल्याशिवाय पाठवत नाहीत, हे आमच्याकडं पोराटोरांनाही माहीत असतं. पण हे मी त्याला शिकवलं नव्हतं, आणि डबी मी आणली नव्हती.

"ही कुठनं रे?" आईनं विचारलं.

"दुकानातनं. बाईमाणसं येणार म्हटल्यावर लागतंय की घरात."

आईनं बोट हळदीत टेकवलं, मग कुंकवात. दोन्ही कपाळाला लावलं. आजवर जग त्याच्या बाबतीत फक्त तिला विचारायचं, आज ती त्याच्या घरची पाहुणी होती. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, दोन्ही एकदमच. रिकामी पिशवी आईनं घडी घालून काखेत धरली आणि ती म्हणाली, "येते रे मी."

"या हं," तो म्हणाला, अगदी यजमानासारखं, आणि आम्ही तिघं बाहेर पडताच त्यानं आतून कडी लावली.

रिक्षापाशी पोचल्यावर आईला आठवलं की चष्मा आतच राहिला. ती परत गेली, मागोमाग मीही. दार ढकललं, तर ते उघडेना. तिनं कडी वाजवली.

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "कोण?"

आपल्या लेकाला या प्रश्नाचं उत्तर आईनं कधी दिलंच नव्हतं.

"मी," ती म्हणाली. "आई आहे रे."

"थांब जरा. हात साबणाचे आहेत."

आणि आई पायरीवर थांबली.