चार मजल्यांना पाणी

बारामतीत जिना स्वच्छ झाला की नाही, हे डोळ्यांनी बघत नाहीत, नाकाने बघतात. फिनेलचा वास डोक्यात गेला पाहिजे आणि चपलेखाली पाणी वाजलं पाहिजे, तेव्हा कुठे बिल्डिंग धुतली असं मानायचं. मी पुण्यात एका सफाईच्या कंपनीत सात वर्षं काढून लग्नानंतर इथे आले होते. महिनाभर घरी बसून मी इतकी भांडकुदळ झाले की नवराच म्हणाला, काहीतरी काम काढ बाई. मग मी माझंच काम काढलं: बिल्डिंगचे जिने, लिफ्ट, पार्किंग, सगळं शास्त्रशुद्ध स्वच्छ करून देणे.

पहिली बिल्डिंग मिळाली ती चार मजल्यांची. एक महिना काम बघायचं, मग सोसायटीच्या सभेत ठरवायचं आणि पसंत पडलं तर वर्षाच्या कागदावर चेअरमनची सही, असं ठरलं. ही एक बिल्डिंग हातात आली की पुढच्या दोन येणार होत्या. ही गेली की मी पुन्हा घरी बसून भांडणार होते.

तिथे पंधरा वर्षं जिने झाडणाऱ्या मावशी होत्या. लासुर्ण्याहून एसटीने यायच्या. त्यांना मी माझ्याबरोबर घेतलं. पाण्याची मोटर लावणं आणि बंद करणं हेही त्यांचंच काम होतं, मोटरच्या खोलीची किल्ली कायम पदराच्या गाठीला. मी त्यांना शिकवलं: आधी कोरडी धूळ काढायची, वरच्या मजल्यापासून खाली यायचं, दोन बादल्या ठेवायच्या, निळीत औषधाचं पाणी आणि लालमध्ये मॉप खळबळायचा. मॉप घट्ट पिळायचा, आठाच्या आकारात ओढत मागे मागे सरकायचं, मजला बदलला की पाणी बदलायचं. संगमरवरावर ॲसिड टाकणाऱ्याला तर मी घरातच घेणार नाही. मावशींनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "ताई, येवढ्या पाण्यात तर आमी तोंड पन धूत न्हाय." पण आठ दिवसांत त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला.

अडचण होती तात्यांची. तात्या म्हणजे चेअरमन. निमगाव केतकीकडे ऊस, इथे नातवंडांच्या शाळेसाठी चौथ्या मजल्यावर फ्लॅट. जगातली प्रत्येक गोष्ट पाणी देऊन सुधारते, अशी त्यांची पक्की समजूत. 'सावधान, फरशी ओली आहे' अशी माझी पिवळी पाटी त्यांनी पहिल्याच दिवशी टॉवेल वाळत घालायला वापरली. पार्किंगची फरशी घासायचं, खाली गोल ब्रश फिरणारं मशीन मी आणलं, तर "बघू जरा" म्हणून त्यांनी मूठ दाबली. मशीनने त्यांना फरफटत स्कूटरींपर्यंत नेलं. "हिला कासरा लावा," एवढं बोलून ते वर निघून गेले. रोज मात्र एकच पालुपद: "ताई, ही धुलाई न्हाय, ही नुसती पुसापुशी हाय."

सभा रविवारी होती. शनिवारी जवळजवळ सगळी बिल्डिंग एका लग्नाला गेली होती. मावशी सकाळचं आवरून, मोटर बंद करून माझ्यासमोर बाराच्या एसटीला गेल्या. मी दुपारी काही कापडं विसरले म्हणून परत आले, तर जिन्यावरून पाणी चांगलं खळाळत येत होतं. वर बघते तो दुसऱ्या मजल्यावर तात्या. पँट गुडघ्यापर्यंत, हातात खराटा. गच्चीच्या नळाला हिरवा पाइप लावून पाणी सोडलेलं आणि हे गृहस्थ एकेका मजल्यावर चक्क शेतातल्यासारखी दारं धरत उभे. उसाच्या सरीत पाणी वळवतात तसं ओल्या पोत्यांचे बांध घालून लोकांच्या उंबऱ्यांपासून पाणी जिन्याकडे वळवत होते. सभेआधी बिल्डिंगला खरी धुलाई दाखवायची होती त्यांना.

प्रत्येक दाराला बांध होता, फक्त लिफ्टच्या दाराला नव्हता. चारही मजल्यांचं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं आणि लिफ्ट बंद पडली. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, खराटा खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "झालं ते झालं. सभेत म्हनायचं, टाकी भरून वाहिली. मी वर्साच्या कागदावर सही करतो."

मी हो म्हणाले. लगेच हो म्हणाले, हेही सांगून टाकते.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. लिफ्ट का बंद, असं कुणीतरी विचारलं. तात्या म्हणाले टाकी वाहिली. मी मान हलवली. मी स्वतःला हुशार समजते, पण टाकी वाहिली म्हणजे मोटर चालू राहिली आणि मोटर कुणाकडे असते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या साहेबांच्या मात्र लगेच आलं. "मावशींचं वय झालंय आता," ते म्हणाले, "उद्यापासून त्यांना थांबवा."

"मी बंद केली हुती," मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी समोर उभी असताना त्यांनी ती बंद केली होती. मी मूग गिळून बसले. सभेत चर्चा चालू राहिली, एकाने नव्या माणसाचं नावही सुचवलं. पाच मिनिटं तरी गेली असतील. मावशी एकदा तात्यांकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी पदराची गाठ सोडली, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ऱ्हायली आसंल माझ्याच हातनं. ध्यानात न्हाय ऱ्हायलं."

तेव्हा मी उभी राहिले. काय बोलले ते नीट आठवत नाही, आवाज मात्र चढला होता. पाइप, पोती, खराटा, सहीचं आमिष आणि मी म्हटलेलं हो, सगळं सांगितलं. तात्या लालबुंद झाले. त्यांच्या मागून काकू, म्हणजे त्यांच्या बायको, बोलल्या. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यात लिफ्ट बंद, म्हणून कालपासून त्या चौथ्या मजल्यावर चढू शकल्या नव्हत्या, खालीच शेजाऱ्यांकडे होत्या. "खरं बोलतीय ती. माझी गव्हाची पोती पन भिजवली ह्यांनी." सभा खो खो हसली. तात्यांनी माझ्याकडे न बघता कागद ओढला आणि सही केली. मावशींना किल्ली परत मिळाली.

काम मिळालं. पुढच्या दोन बिल्डिंगाही मिळाल्या. तात्या आता पाहुण्यांना दोन बादल्यांचं शास्त्र स्वतःच्या शोधासारखं समजावून सांगतात.

मावशींनी तो विषय कधीच काढला नाही. मी एकदा माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "जाऊ द्या की ताई, तुमीच बोलला न्हवं शेवटी." पण सभेच्या दिवसापासून मोटर बंद करून त्या गेटपर्यंत जातात आणि परत येतात. खोली उघडून बटण बघतात, हात लावून बघतात, कुलूप लावतात, कधी कधी पुन्हा येतात. त्यापायी बाराची एसटी चुकते. मी म्हणते, "मावशी, बंद आहे, मी बघितलं." त्या म्हणतात, "व्हय व्हय, पर एकदा बघून येते." पंधरा वर्षं ज्या हाताची कधी चूक झाली नाही, त्या हातावर त्यांचा विश्वास राहिला नाही, आणि तो त्या पाच मिनिटांत मी घालवला.