भंडारा मी उचलला नाही

"आधी पदर झटक," मालकीणबाई म्हणाल्या. सगळ्या बाया बघत होत्या. मी झटकला. मसाल्याची चिमूटही पडली नाही.

मग त्यांनी देव्हाऱ्यातलं ताट माझ्यापुढे धरलं. बेलाची पानं, वर खंडोबाचा भंडारा. म्हणाल्या, "उचल. आणि बोल, या तालुक्यात दुसरीकडे मसाल्याला हात लावणार नाही."

पारनेरला त्यांच्या मसाल्याच्या कारखान्यात मी मिरची भाजायचे. ठसक्यानं छाती भरून यायची. सुप्याच्या एका कारखान्यात मसाल्याची पाकिटं भरायचं काम मिळत होतं, धुराविना. तिथं जुन्या कामावरून सोडल्याचं पत्र हवं होतं. तेच मागायला मी उभी होते.

कामाला लागताना स्टॅम्पपेपरवर सही घेतली होती. माझी शाळा चौथीपर्यंत, पण सावकाश वाचता येतं. वाचू का, असं विचारलं तर म्हणाल्या होत्या, "वाचून काय कलेक्टर होणार आहेस?" बाया हसल्या. मीही हसले. त्यात लिहिलं होतं म्हणे, इथलं सोडल्यावर दोन वर्षं तालुक्यात मसाल्याचं काम करायचं नाही.

ताट समोरच. खंडोबा आमचं कुलदैवत. भंडारा उचलून शब्द मोडला तर लेकराबाळांना भोवतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. घरी माझी एकच पोर. कागदाचं भ्या होतंच, हे मात्र त्याहून मोठं. माझ्यासोबत मिरची भाजणारी पारूबाई शेजारी उभी होती, म्हणाली, "उचल की गं, नवरीवानी पिवळी दिसशील."

मी हात पुढं केला. बोटं पानांपर्यंत गेली. आणि तिथंच मनात आलं, कागद एवढा पक्का असता तर यांना देवाला मधे कशाला आणावं लागलं असतं?

हात मागे घेतला.

"न्हाई उचलनार, बाई. काम सोडतेय, पोट न्हाई."

कुणी हसलं नाही. मालकीणबाईंनी ताट आपटलं. "मग पत्र विसर. कोर्टात खेचते. बघू तुला कोण ठेवतं."

तेव्हापासून दारात मोटरसायकल थांबली तरी दचकते. नोटीसच आली वाटतं. शेवटी कोर्टाजवळ बसणाऱ्या वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नको, असं लिहून घेतलेलं कायद्यात टिकत नाही. पत्रासाठी लेखी अर्ज दे, पोच घे.

अर्ज मी माझ्या हातानं लिहिलाय. अक्षर वाकडं आहे. उद्या मालकीणबाईंकडे घेऊन जाणार. पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही. पत्र नाहीच दिलं तरी सुप्याला जाऊन उभी राहीन. का दिलं नाही विचारलं, तर मान वर करून सगळं सांगेन. मालकीणबाईंचं नाव घेऊन.